शुक्रवारचं पाणी

मी काँक्रीट फोडून पोट भरतो. चाकणजवळ तयार काँक्रीटचा एक प्लांट आहे, तिथे माझी लॅब आहे. लॅब म्हणजे पत्र्याची शेड, पाण्याच्या दोन टाक्या आणि दाब देणारं एक मशीन. प्लांटवरून जे काँक्रीट बाहेर जातं त्याचे वीतभर ठोकळे आम्ही भरतो, टाकीत बुडवून ठेवतो आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनमध्ये घालून फोडतो. ठोकळा किती दाब सोसून फुटला ते लिहून ठेवायचं, एवढंच काम. सव्वीस वर्षं तेच करतोय. माणसांमधलं मला फारसं कळत नाही, पण ठोकळ्यांमधलं कळतं.

सध्या आमच्या धंद्यात हिरव्या रंगाची साथ आली आहे. पूर्वी बिल्डर लोक इमारतींना देवांची नाहीतर राजवाड्यांची नावं द्यायचे, आता झाडाझुडपांची देतात. भूमिपूजनाच्या आधीच जिथलं शेवटचं झाड आडवं झालेलं असतं तिथे हटकून 'वन' नाहीतर 'उपवन'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आमच्या प्लांटनेही मिक्सरच्या ट्रकांवर पोपटी पानं रंगवून घेतली. चाकणच्या चौकात ते ट्रक पाऊण-पाऊण तास इंजिन चालू ठेवून उभे असतात.

या सगळ्या सोंगात एक गोष्ट खरी आहे, म्हणून माझी जास्त चिडचिड होते. सिमेंट म्हणजे भट्टीत भाजलेला चुनखडीचा दगड. भाजायला कोळसा जाळतात त्याचा धूर, आणि भाजताना दगड स्वतःच्या अंगातला वायू सोडतो तो वेगळा. म्हणजे सिमेंट जितकं कमी तितकं हे पाप कमी. त्यासाठी आम्ही थोड्या सिमेंटच्या जागी वीज केंद्रातली राख घालतो. राखेचं काँक्रीट चांगलं होतं, पुष्कळदा साध्यापेक्षा चांगलं होतं. फक्त ते सावकाश घट्ट होतं. त्याला दिवस द्यावे लागतात आणि पाणी मारावं लागतं. पाणी मारायचं म्हणजे ओतलेलं काँक्रीट दोन-तीन आठवडे सतत ओलं ठेवायचं. त्याला ना मशीन लागतं ना परदेशी तंत्र. पाइप धरायला एक माणूस हवा आणि थोडी कळ काढायची तयारी हवी.

नेमकी तीच कुणाची नसते. साइटवरचा इंजिनियर सकाळी 'हरित मिक्स'ची ऑर्डर देतो, ट्रक आला की त्यावरच्या पानांचा फोटो काढून सर्टिफिकेटवाल्यांना पाठवतो आणि दुपारी, स्लॅबखालच्या फळ्या-टेकू म्हणजे सेंट्रिंग काढायची घाई झाली की, मला फोन करतो. "साहेब, राख जरा कमी करा ना. सिमेंट वाढवा. लवकर सेंट्रिंग खोलायचंय, वरचा स्लॅब अडलाय."

मी म्हणतो, "अहो, मग कागदावर काय लिहू?"

"कागदावर आहे तेच राहू द्या की राव. कागदाला कुठं सेंट्रिंग असतं!" असं म्हणून तो स्वतःच हसतो. त्याच्या पाठोपाठ मीही हसतो. सव्वीस वर्षं असल्या विनोदांना हसत आलोय. मी त्या लोकांपेक्षा कुणी वेगळा होतो असा गैरसमज नको, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

आम्ही चिंचवडला राहायचो ती सोसायटी चार मजली, सोळा घरांची. एकाच कारखान्यातल्या सोळा कामगारांनी मिळून ती चाळीसेक वर्षांपूर्वी बांधून घेतली. त्यातले एक माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते मूळ धाराशिवकडचे, कारखान्यात फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामावर होते, आता ब्याऐंशीचे आहेत. बांधकाम ठेकेदाराने केलं, पण पाणी मारायचं काम या मंडळींनी त्याच्यावर सोडलं नाही. ठेकेदाराचा माणूस सकाळी एकदा पाइप फिरवतो आणि बिडी ओढत बसतो हे त्यांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वार लावून घेतले. रोज दोघं, एक सकाळी शिफ्टला जायच्या आधी, एक संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर. उरलेले दोघं आजारपणाला बदली.

सगळी शेतकऱ्यांची मुलं. स्लॅबवर त्यांनी मातीचे बांध घालून वाफे केले, गावाकडे कांद्याला करतात तसे, आणि ते पाण्याने भरून ठेवले. खांबांना चाकणच्या बाजारातून आणलेली कांद्याची फाटकी बारदानं गुंडाळली आणि ती ओली ठेवली. महिनोन् महिने त्या जागेला कांद्याचा वास यायचा, असं आई सांगायची. वारांचा तक्ता पंपाच्या खोलीत भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेला होता. पुढे इमारतीला कितीदा तरी रंग लागला, पण ती भिंत म्हाताऱ्यांनी कुणाला रंगवू दिली नाही. त्या तक्त्यात आबांचा वार होता शुक्रवार, संध्याकाळचा.

खालच्या कट्ट्यावर बसून बाकीचे म्हातारे पाण्याच्या गोष्टी तासन्तास सांगायचे. कोण पावसातसुद्धा पाइप घेऊन उभा राहिला, कुणी बायकोच्या डोहाळजेवणाच्या दिवशी वार चुकवला नाही. आबा मात्र हा विषय निघाला की चहा सांगायला उठायचे. मला वाटायचं, माणसाला बढाई मारायची सवय नाही.

आता सोसायटीचा चेअरमन. हा त्या सोळांपैकी एकाचा मुलगा, धंद्याने विमा एजंट. बापाने बांधलेल्या घरात फुकट वाढला आणि तीस वर्षं त्या घराला 'डबडं' म्हणत आला. शेजारची सोसायटी पाडून तिथे एकवीस मजले उभे राहिले तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हती. इमारतीत दोष होते, मी नाही म्हणत नाही. संडासाच्या पाइपांना गळती होती, उत्तरेच्या भिंतीला ओल होती, तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याचा कोपरा पडून सळई उघडी झाली होती. एका उन्हाळ्याचं दुरुस्तीचं काम. चेअरमनने त्या छज्ज्याचा फोटो मोबाइलवर इतका फिरवला की इमारत आज पडते की उद्या असं बायकांना वाटायला लागलं.

मग आमचीही पाडून टॉवर बांधायला त्याने एक बिल्डर गाठला, आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आलं. बिल्डरनेच सुचवलेला ऑडिटवाला, पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा, कानात सतत कुणीतरी बोलत असलेला. त्याच्या हातात काँक्रीट तपासायचा हातोडा होता. हा हातोडा म्हणजे बॅटरीएवढी नळी. टोक काँक्रीटवर दाबलं की आतली दांडी आपटते आणि मागे उसळते. उसळी जास्त, तर काँक्रीट कठीण. फक्त त्याआधी वरचं प्लास्टर खरवडून काँक्रीट उघडं करायचं, घासून साफ करायचं. प्लास्टरवर मारलं तर प्लास्टरचा आकडा येतो, आणि प्लास्टर आतल्या काँक्रीटच्या पासंगालाही पुरत नाही. आमच्या लॅबमध्ये झाडू मारणाऱ्या बाईंनाही एव्हाना हे माहीत आहे.

हा गृहस्थ पार्किंगमधल्या रंगवलेल्या खांबांवर, थेट प्लास्टरवर, हातोडा दाबत चालला होता. एका खांबावर पोरांनी कोळशाने क्रिकेटचे स्टंप काढलेले, त्यांच्यावरच त्याने तीनदा हातोडा मारला आणि आकडे लिहून घेतले.

आबा कट्ट्यावर बसून बघत होते. मला म्हणाले, "काय करायलाय रे तो?"

"तपासतोय, आबा."

"प्लास्टरवर मारायलाय की. आमच्या फाउंड्रीत रंग दिल्यालं कास्टिंग कुणी ठोकून बघितलं असतं तर साहेबानं गेटाबाहेर काढलं असतं."

मला त्या क्षणी उठून त्या माणसाचा हात धरायला हवा होता. तिथे उभ्या असलेल्या माणसांत हातोडा कसा धरतात हे जाणणारा मी एकटाच होतो. मी म्हणालो, "आता नवीन मशीन आलंय आबा. आतलं समजतं त्याला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू म्हणायलास तर असंल बाबा," ते म्हणाले.

का बोललो असं? एका खोलीसाठी. नव्या टॉवरमध्ये आम्हाला एक खोली जास्त मिळणार होती. वरून लिफ्ट. मी घरात सगळ्यांना सांगायचो, आबांच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट हवीच. आबा पहिल्या मजल्यावर राहायचे आणि त्यांनी जन्मात लिफ्ट मागितली नव्हती. हाव असली की माणूस आईबापाच्या गुडघ्यांआड लपतो, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही.

ऑडिटचा अहवाल आला. चकचकीत कागद, प्लास्टरचे आकडे, आणि निष्कर्ष: इमारत राहण्यास अयोग्य. लगेच चेअरमनने सर्वसाधारण सभा ठेवली, गुरुवारी. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणजे सगळे हजर राहतील, हा हिशेब. गुरुवारीच लाइटही जाते हे या विद्वानाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे पार्किंगमध्ये मांडव, मांडवात पडदा, आणि पडद्यावरचं सादरीकरण चालवायला भाड्याचा डिझेल जनरेटर. धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते आणि पडद्यावर अक्षरं आली: कार्बनमुक्त उद्याकडे.

बिल्डरने हरित सल्लागार म्हणून एक माणूस पाठवला होता. खादीचा झब्बा, तांब्याची बाटली, आणि मराठी अशी की दर वाक्यात 'शाश्वत' दोनदा. त्याने सांगितलं की देशातल्या इमारती आणि बांधकामं किती धूर सोडतात, आणि आपण प्रत्येकाने त्यात आपला खारीचा वाटा कसा उचलायचा. मग त्याने हरित सर्टिफिकेटसाठी आमच्या टॉवरला मिळणार असलेले मार्क मोजून दाखवले. पाणी वाचवणाऱ्या नळांचे मार्क. छतावरच्या सौर पॅनेलचे. गाड्या चार्ज करायच्या पॉइंटचे. फुलपाखरांच्या बगीच्याचे. आणि मग तो खास हसून म्हणाला, "आणि आपल्या जुन्या इमारतीचा राडारोडा आपण फेकून देणार नाही. तो दळून पुन्हा वापरणार. त्याचेही मार्क!"

टाळ्या पडल्या. जी इमारत उभी आहे तिच्यातला धूर चाळीस वर्षांपूर्वीच सुटून गेलाय. ती उभी राहिली तर नवा धूर नाही. ती पाडायची, तिच्या जागी पाचपट सिमेंट आणि लोखंड ओतायचं, आणि पाडल्याच्या ढिगाऱ्याबद्दल शाबासकी घ्यायची! चांगला हात तोडून कापलेल्या बोटांचं कौतुक करण्यातला प्रकार. हे मी मनात म्हणत होतो. तोंडात मूग होते.

तेवढ्यात आबा उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, एक विचारू का? पाडलीच न्हाई तर किती मार्क?"

मांडवात हशा पिकला. सल्लागार गोड आवाजात म्हणाला, "काका, प्रश्न छान आहे. पण त्याला आमच्याकडे कॉलम नाहीये."

"कॉलम हायेत की," आबा म्हणाले. "चोवीस हायेत. आमी मोजून पाणी मारलंय त्याला."

लोक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. चेअरमनने तर डोळे पुसले. आबांना आपण काय विनोद केला ते कळलं नाही. सल्लागार ज्याला कॉलम म्हणत होता तो कागदावरचा रकाना, आणि हे बोलत होते खांबांबद्दल. त्या मांडवात अकलेचं वाक्य एकच बोललं गेलं, आणि त्यालाच माणसं हसली.

चेअरमन माझ्याकडे वळला. "आबांची भावना समजू शकतो आपण. पण आपल्यात तज्ज्ञ बसलेत ना. हे लॅबवाले. बोला भाऊ, रिपोर्टबद्दल तुमचं काय मत?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आबा अजून उभेच होते. प्लास्टर, एवढा एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "आता रिपोर्ट म्हटल्यावर रिपोर्ट असतो."

असलं निर्लज्ज वाक्य मी त्या सल्लागाराच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी केला. आबांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि आपलाही केला.

आम्ही मोशीला भाड्याच्या घरात गेलो, पाचव्या मजल्यावर. आबांना तिथे कट्टा नव्हता. ते गॅलरीत बसून समोरच्या स्लॅबचं काम बघायचे आणि मी आलो की तक्रार करायचे, "पाणीच मारत न्हाईत रे ही लोकं." मी म्हणायचो, "हल्ली औषध फवारतात आबा, पाणी लागत नाही." औषध कुणी फवारताना मीही पाहिलं नव्हतं.

इमारत पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी आबा म्हणाले, "मला काय दावू नको. पर खांबाचा एक तुकडा आण. तुझ्या मशीनवर फोड आन किती भरलं ते सांग मला."

मी टाळत राहिलो. ते रोज विचारत राहिले. शेवटी एका सकाळी मी चिंचवडला उतरलो. साइटभोवती पत्रे लागले होते, पत्र्यांवर तीच पोपटी पानं, आणि आत ब्रेकरचं मशीन काळा धूर ओकत तळमजल्याच्या एका खांबावर धडका देत होतं. वरचे मजले गेले होते. पंपाच्या खोलीची भिंतही गेली होती. ऑपरेटर नांदेडकडचा होता. मशीन बंद करून खाली उतरला आणि मला म्हणाला, "भाऊ, तुमची बिल्डिंग होती का ही? कशानं बांधलीय हो? या तळमजल्यापायी दोन छिन्न्या मोडल्या माझ्या. चार दिवसांचं काम म्हणून आलो, बारावा दिवस हाय आज."

मी म्हणालो, "पाणी मारलं होतं."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी खांबाचा एक सळई नसलेला तुकडा निवडला आणि प्लांटवर नेला. त्यातून गोल नमुना कापून काढला, दोन्ही टोकं घासून सपाट केली, मशीनमध्ये ठेवला आणि दाब सुरू केला. अहवालात लिहिलेला आकडा आला आणि गेला. मला वाटलं, आता फुटेल. फुटला नाही. त्या आकड्याच्या दुपटीच्याही पुढे गेल्यावर मग आवाज झाला. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकतोय, पण त्या दिवशी आकडा दोनदा वाचला. एकच नमुना होता, एका नमुन्यावर इमारतीचा निकाल लावत नाहीत हे मला माहीत आहे. प्लास्टरवर तर अजिबातच लावत नाहीत. आकडा मी चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली.

घरी पोचलो तेव्हा आबा गॅलरीत बसले होते. अजून ऊन होतं. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, "फोडलं का?"

"फोडलं."

"किती भरलं?"

खरा आकडा सांगितला असता तर त्यांचा पुढचा प्रश्न काय असता ते मला माहीत होतं. मग तू सभेत का न्हाई बोललास? येताना सगळ्या वाटेवर मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.  मी म्हणालो, "रिपोर्टात होतं तेवढंच, आबा."

 आबांनी समोरच्या स्लॅबकडे पाहिलं. म्हणाले, "म्हंजे कमीच."

"वय झालं होतं तिचं."

"वयाचं न्हाई रे." त्यांनी मला जवळ बसायची खूण केली. "तू लॅबवाला हायेस म्हणून तुला सांगतो. बाकीच्यांचं पाणी बरोबर होतं. माझंच चुकलं. दुसऱ्या स्लॅबच्या टायमाला शुक्रवारी मला ओव्हरटाइम लागला. दोन शुक्रवार. मी पाणी न मारताच घरी जाऊन झोपलो. सकाळी वाफे कोरडे पडलेले. सगळे म्हणले, ऊन लई हाय. मी बी म्हणलो, व्हय, ऊन लई हाय. चाळीस वर्सं कुणाला बोललो न्हाई. तुझ्या आईला बी न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तपासायला आलेल्या साहेबाकडे फाउंड्रीतला माणूस बघेल तसं.

"त्या दोन शुक्रवारांनी गेली का रे बिल्डिंग?"

चिठ्ठी खिशात होती. काढून त्यांच्या हातात द्यायची होती, बस. त्यांना आकड्यांतलं कळतं. ती चिठ्ठी वाचून ब्याऐंशी वर्षांचा माणूस त्या दोन संध्याकाळींमधून सुटला असता आणि मी अडकलो असतो.

मी म्हणालो, "तसं काही नसतं आबा. ऊन लई असेल."

"व्हय," आबा म्हणाले. "ऊन लई होतं."